देवाशी बोलणंच जमत नाहीये, तर आशा कुठून आणायची?

अबोली

नमस्कार, जय ख्रिस्त.

मी इथे एरवी स्वयंपाकाच्या धाग्यांवर असते. आज पहिल्यांदाच असं काही लिहितेय, सांभाळून घ्या.

आमचं मूळ गाव श्रीरामपूर तालुक्यात, हरेगावच्या जवळ. आता पुण्यात असतो. दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. वय ४६. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. पहाटे पावणेसहाला घर सोडायचं, चार तास मशीनवर. दिवसाला सगळं मिळून एक लिटर पाणी. त्यात चहा आला, आमटी आली, गोळीबरोबरचा घोटही आला. मे महिन्यात हे बर्फाचा एक खडा तोंडात धरून बसायचे आणि तो विरघळू नये म्हणून बोलायचेसुद्धा नाहीत.

डाव्या हातावर फिस्च्युला केलाय, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडलीय. त्यावर बोटं ठेवली की आत घरघर लागते, मांजर मांडीवर बसून गुरगुरतं तशी. ती लागली म्हणजे रक्त नीट वाहतंय. रोज रात्री दिवा मालवायच्या आधी मी ती तपासते. लागेपर्यंत माझा जीव टांगणीला.

मी पाळकांची नात. शब्बाथशाळेत, म्हणजे रविवारच्या बायबल शाळेत वाढले. संकट आलं की आधी गुडघे टेकायचे, मग बाकीचं, हे घरात पाहिलेलं. पण गेले सहा-सात महिने गुडघे टेकते आणि काही येतच नाही. "हे प्रभो" इथवर येते आणि थांबते. मंडळीतल्या एका बाईंजवळ मन मोकळं केलं, तर म्हणाल्या, "विश्वासात कुठेतरी कमी पडतंय, शोधा." मी रात्रभर शोधत बसले.

तुम्ही कठीण काळात आशा कशी धरून ठेवलीत? वचनं मला पाठ आहेत. मला तुमचं सांगा.

---

पानमळा

अबोलीताई, आधी एक सांगतो. त्या बाईंचं बोलणं मनावर घेऊ नका. सविस्तर रात्री लिहितो.

---

शेवंती_७२

वाचून घशात आवंढा आला. माझ्याकडे उत्तर नाही. तुझ्यासाठी आणि तुझ्या ह्यांच्यासाठी प्रार्थना करतेय.

---

जयवंत_विश्वासी

ताई, प्रभूच्या नावात अशक्य काही नाही. आजार कबूल करू नका. "माझा नवरा बरा झाला आहे" असं रोज मोठ्याने बोला आणि धरून राहा. आमच्या प्रार्थना सभेत बरं झाल्याच्या कितीतरी साक्षी झाल्यात. शंका आली की आशीर्वाद थांबतो. मी स्वतः व्यसनातून सुटलोय, म्हणून ठामपणे सांगतो.

---

नगरकरीण

जयवंत, तुमची साक्ष खरी आहे आणि मला तिचा आनंद आहे. पण ही बाई विचारतेय ते वेगळं, आणि तुमच्या शेवटच्या वाक्याने तिच्यावर आणखी एक ओझं पडलं. नवरा बरा झाला नाही तर दोष तिच्या शंकेचा, असाच त्याचा अर्थ होतो ना?

बायबलमधल्या ईयोबाचे मित्र आठवा. सगळं गेल्यावर ते आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले, एक शब्द न बोलता. तिथवर त्यांचं अगदी बरोबर होतं. मग त्यांनी तोंड उघडलं आणि "तुझ्यातच काहीतरी खोट असणार" हे सुरू केलं. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. भांडणाऱ्या ईयोबावर नाही.

अबोली, मी तुझ्या आईच्या वयाची असेन, म्हणून अगं-तुगं करते. वचन नको म्हणालीस, तरी एक सांगते, कारण हे सहसा कुणी व्यासपीठावरून वाचत नाही. ८८ वं स्तोत्र काढून बघ. बाकीच्या बहुतेक विलापाच्या स्तोत्रांमध्ये शेवटाकडे कुठेतरी वळण येतं, "तरी मी तुझी स्तुती करीन" असं. ह्यात ते येतच नाही. रात्रंदिवस ओरडतोय, तू तोंड का लपवतोस, जिवलग दूर गेले, आणि संपतं ते काळोखावर. मूळ हिब्रूत शेवटचा शब्दच काळोख आहे. आणि हे स्तोत्र कुणी काढून टाकलं नाही, उपासनेच्या ग्रंथात ठेवलं. म्हणजे ज्याला "हे प्रभो"च्या पुढे जाता येत नाही, त्यालाही देवळात जागा आहे.

माझा मुलगा अपघातात गेला तेव्हा वर्षभर मी हेच एक स्तोत्र वाचलं. दुसरं काही वाचवतच नव्हतं.

---

अबोली

काकू, मी आत्ता ते वाचलं. एवढी वर्षं बायबल वाचतेय आणि हे नजरेखालून कसं गेलं माहीत नाही. खूप रडले, पण बऱ्याच दिवसांनी बरं वाटेल असं रडले.

---

पानमळा

लिहितो म्हणालो होतो.

आम्ही वसईचे, नंदाखालच्या बाजूचे, कॅथलिक. २०२० साली देवळं बंद झाली. त्या वर्षीचा ईस्टर १२ एप्रिलला होता. मिस्सा मोबाईलवर. मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेला, आणि बाबा त्याच्यासमोर इस्त्रीचा सदरा घालून, चपला बाहेर काढून उभे. फादरांनी आशीर्वाद दिला तेव्हा स्क्रीनकडे बघून क्रुसाची खूण केली. आम्हा पोरांना हसू येत होतं.

सप्टेंबरात बाबा कोविडने गेले. इस्पितळात आम्हाला भेटू दिलं नाही. दफनाला मोजकी माणसं. ज्या माणसाने गावातल्या प्रत्येक मयतीला खांदा दिला, त्याला खांदा द्यायला कुणी नाही, हे मला सहन होत नव्हतं. गाडी आमच्या आळीतून दफनभूमीकडे निघाली आणि मी काचेतून पाहिलं. प्रत्येक घराच्या अंगणात माणसं उभी होती. आपापल्या दारात, तोंडाला मास्क, हातात जपमाळ. एक घर संपलं की पुढच्या घराचा "नमो मरीये" ऐकू यायचा. संपूर्ण रस्ताभर तो तुटला नाही.

त्या दिवशी मी प्रार्थना केली नाही, ताई. शक्यच नव्हतं. माझ्या वाटची आळीने केली. तेव्हापासून मला वाटतं, आशा ही एकट्याने मुठीत आवळून ठेवायची वस्तू नाहीच. तुमचे हात भरून आले की शेजारच्याने धरायची.

---

शेवंती_७२

पानमळा, शब्द नाहीत.

---

तर्कट

मी ख्रिस्ती नाही, आस्तिकही नाही, तरी धागा पूर्ण वाचला. अबोली, तुमच्या धीराला नमस्कार. प्रश्न विचारतो, राग मानू नका. पानमळा यांनी जे लिहिलं ते माणसांबद्दल आहे. आळीतली माणसं उभी राहिली. ती कुठल्याही धर्माची असती तरी उभी राहिली असती. मग ह्यात श्रद्धेचं काय? आणि "बरा झालाय असं बोला" ह्यावरून औषधं सोडणारे लोक मी पाहिलेत, म्हणून काळजी वाटते.

---

जयवंत_विश्वासी

मी औषध सोडा असं कुठेही म्हटलेलं नाही. डायलिसिस चालू ठेवायचंच. नगरकरीणबाई, ओझं टाकायचा हेतू नव्हता. ताई, दुखावलं असेल तर क्षमा करा. पण देव आजही बरं करतो यावरून मी हलणार नाही.

---

मिरजेची_सिस्टर

औषधाचा विषय निघालाच आहे तर. मी नर्स. मिरजेच्या मिशन दवाखान्यात शिकले, नंतर बरीच वर्षं डायलिसिस युनिटला काढली. अबोली, दोन-तीन गोष्टी विचारते, कारण घाईगर्दीत राहून जातात. प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत नाव घातलंय का? मेंदूमृत दात्याकडून किडनी मिळण्यासाठी रुग्णालयामार्फत नोंदणी लागते, पुण्याला विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, तुमच्या केंद्रात ती चालते का बघा. आणि फिस्च्युलाच्या हातावर बीपी घेऊ द्यायचं नाही, डायलिसिस सोडून दुसरी सुई टोचू द्यायची नाही, त्या हाताने पिशवी उचलायची नाही. तुम्हाला ठाऊक असेलच, तरी सांगते.

तर्कट, तुमच्या प्रश्नावर माझं एवढंच. युनिटमध्ये मी दोन तऱ्हेची आशा पाहिली. एक "पुढच्या महिन्यात सगळं ठीक होणार" अशी. रिपोर्ट वाईट आला की ती कोसळायची आणि माणूस मशीनवर यायचंच टाळायचा. दुसरी होती एका ख्रिस्ती आजोबांची. खुर्चीवर बसले की शेजारच्या पेशंटचं नाव विचारायचे आणि चार तास मनात त्याच्यासाठी मागायचे. बरे होणार नाहीत हे त्यांना माहीत होतं. "मी कुठे चाललोय ते मला ठाऊक आहे सिस्टर, तोवर इथलं काम करतो," म्हणायचे. ते एकही पाळी चुकले नाहीत.

---

अबोली

सिस्टर, नोंदणी झालीय, वर्ष होत आलं. योजनेचं उद्या विचारते. आणि तुमच्या त्या आजोबांबद्दल मी ह्यांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, पण थोड्या वेळाने विचारलं, "माझ्या शेजारच्या खुर्चीवर तो मुलगा असतो ना, त्याचं नाव काय गं?"

---

उत्तनचा_तांडेल

आम्ही कोळी माणसं, लिहायची सवय नाय. पण "धरून ठेवणं" वाचलं म्हणून लिहितो.

इब्री लोकांच्या पत्रात आशेला जिवाचा नांगर म्हटलंय. मंडळी हे वाचतात आणि पुढं जातात. आम्हाला ते लगेच समजतं. नांगर टाकला म्हणून वारा थांबत नाय. बोट हलते, आपटते, पाणी आत येतं, पोटात ढवळतं. नांगर खाली चिखलात रुतलेला, तो दिसत पण नाय. दिसतो फक्त दोर, आणि तोही ताणलेला. दोर ताणलेला आहे म्हणजेच नांगर धरून आहे. सैल पडला तर घाबरायचं.

मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं. होड्या बंदरात, आम्ही किनाऱ्यावर. रात्रभर काय दिसलं नाय. माझी आय दारात बसून लदीन, आमची प्रार्थनेची माळ, म्हणत होती, तिचा आवाज वाऱ्यात जायचा, परत यायचा. सकाळी आमची होडी जागेवर होती. चुलत्याची नव्हती. आयने दोन्ही घरांसाठी सारखंच मागितलं होतं. ह्याचं उत्तर माझ्याकडं नाय. चुलता त्या रविवारी मिस्साला आला, पहिल्या बाकावर बसला. मी विचारलं, राग नाय आला? म्हणाला, "आला ना, म्हणून तर पुढं बसलो."

ताई, तुम्हाला जो ताण वाटतोय, बोलता येत नाय म्हणून जीव तुटतोय, तो दोराचा ताण आहे.

---

नगरकरीण

तांडेल, लिहायची सवय नाही म्हणता आणि असं लिहिता! हे मी आमच्या पाळकसाहेबांना वाचायला देणार आहे.

---

केडगाव_पॅसेंजर

ह्या विषयावर पंडिता रमाबाईंचं नाव अजून कसं आलं नाही? शाळेत त्यांच्यावर एक धडा होता, त्यात विद्वत्ता आणि समाजसुधारणा होती. दुःखाचा हिशोब नव्हता. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील गेले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं आणि १८८२ मध्ये नवरा पटकीने गेला. पदरात तान्ही मनोरमा. इंग्लंडला वैद्यकी शिकायला गेल्या, तर कानाच्या दोषामुळे तो मार्ग बंद. १८८३ मध्ये तिथेच बाप्तिस्मा घेतला, त्यावर इकडे केवढं वादळ उठलं.

ज्या बाईचं घर दुष्काळाने खाल्लं, ती १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेली आणि उपाशी मुली, विधवा गोळा करून घेऊन आली. पुण्यात प्लेग, म्हणून त्यांना केडगावच्या माळावर नेलं. तिथलं मुक्ती मिशन आजही चालू आहे. मी त्या मार्गावर रोज प्रवास करायचो. केडगाव स्टेशन आलं की आजी हात जोडायची, ते का हे मला फार उशिरा कळलं.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. जिने आईच्या मागे संस्था चालवायची, तीच आधी गेली. रमाबाई त्या वेळी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, सामान्य बाईला समजेल अशा मराठीत. ते काम त्यांनी टाकलं नाही. पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला डोळे मिटले. मुलगी गेल्यावरचे ते महिने त्या टेबलाशी कशा बसल्या असतील याचा मी पुष्कळदा विचार करतो.

---

वारकऱ्याची_नात

केडगाव, +१. ह्याच्याच जोडीला लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे पती, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं ख्रिस्ताच्या जीवनावरचं काव्य 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं होतं. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहून पुरं केलं. अर्धवट राहिलेलं काम हाती घेणं ही मला फार मोठी आशा वाटते.

मी हिंदू घरातली, माळकरी आजोबांची नात. अबोली, आमच्याकडे तुकोबा विठ्ठलाशी केवढे भांडतात! तू आहेस की नाहीस, इथपर्यंत. आजोबा म्हणायचे, भांडतो तो दारात असतो. टिळकही तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचं सांगत. त्यामुळे तुमचा हा धागा मला परका वाटला नाही.

---

मांडवीकाठ

थोडं अवांतर. फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ चं, गोव्यात राशोलला छापलेलं. जन्माने इंग्रज माणूस, आणि ओव्या मराठीत, कारण इथल्या लोकांना आपल्या भाषेत ऐकायचं होतं. माझी आजी त्यातल्या ओव्या तांदूळ निवडताना म्हणायची. तिला अर्थ विचारला तर सांगायची नाही, "म्हण, मग कळेल," एवढंच. तिच्या अखेरच्या आजारात तिला माणसं ओळखू येत नव्हती, पण ओवी सुरू केली की ओठ हलायचे.

---

शेवंती_७२

अवांतर कसलं, विषयालाच धरून आहे हे.

माझं अवांतर ऐका. आमच्या लहानपणी पाळकसाहेब घरभेटीला आले की प्रार्थना इतकी लांबायची, की आई चहा गाळायच्या आधी विचारायची, "साहेब, आधी प्रार्थना की आधी चहा?" एकदा वडील तापाने फणफणले होते आणि साहेब सगळ्या जगासाठी मागत होते. वडीलच पांघरुणातून म्हणाले, "आमेन!" साहेब हसले, बसले, आणि मग रात्रभर वडिलांच्या कपाळावर पट्ट्या बदलत राहिले. ती प्रार्थना मात्र मला कधी लांब वाटली नाही.

---

केडगाव_पॅसेंजर

खूप दिवसांनी ह्या धाग्यावर हसलो. धन्यवाद काकू.

---

तर्कट

मिरजेची_सिस्टर आणि तांडेल, तुमचे प्रतिसाद दोनदा वाचले. माझी मतं बदलली नाहीत. पण चुलत्याचं ते "म्हणून तर पुढं बसलो" माझ्या डोक्यातून जात नाहीये.

---

जयवंत_विश्वासी

मूळ प्रश्नाकडे येतो. नगरकरीणबाईंनी लिहिलेलं ८८ वं स्तोत्र काल आमच्या प्रार्थना सभेत वाचलं. आधी सगळे गप्प. मग एक भाऊ उठले, ज्यांची मुलगी तीन वर्षांपासून अंथरुणावर आहे. ते कधीच साक्षीला उभे राहत नाहीत. म्हणाले, "माझी साक्ष अशी आहे की अजून काही झालेलं नाही." आणि बसले. त्यांच्यासाठी आम्ही आजवर कधी नीट थांबलोच नव्हतो, हे मला काल कळलं.

---

पानमळा

जयवंतभाऊ, हे लिहिलंत, फार बरं केलंत.

मला मार्काच्या शुभवर्तमानातला तो पक्षघाती आठवतोय, कफर्णहूमचा. चौघे त्याला बाजेसकट उचलून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही, म्हणून छप्पर उसकटून वरून खाली सोडतात. तिथे लिहिलंय, येशूने *त्यांचा* विश्वास पाहिला. बाजेवरचा माणूस त्या सगळ्या वेळात एक शब्द बोलत नाही. अबोलीताई, तुम्ही आत्ता बाजेवर आहात. छप्पर आम्ही बघतो.

तुम्ही पुण्यात नेमक्या कुठल्या भागात असता? इथे लिहू नका, मला निरोप पाठवा. तिथे आमच्या ओळखीचे लोक आहेत.

---

नगरकरीण

आणि मलाही निरोप पाठव. माझी बहीण तिथेच राहते.

एक राहिलं. येशूला क्रुसावर दिल्यानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवरचे ते दोघे शिष्य अनोळखी वाटसरूला म्हणतात, आम्हाला आशा होती की हाच तो. *होती.* भूतकाळ. आशा संपलेली माणसं घरी परत चाललीत, आणि ज्याच्याबद्दल बोलतायत तो शेजारीच चालतोय. त्यांना पत्ता नाही. तो त्यांना पहिल्या पावलाला ओळख देत नाही. आधी विचारतो, काय बोलत चाललात? सगळं ऐकून घेतो. मग समजावतो. ओळख पटते ती संध्याकाळी, जेवायला बसल्यावर, भाकर मोडताना. तोवर सगळी वाट ते आशेशिवायच चाललेले असतात, पण चाललेले असतात, आणि दोघं मिळून.

---

अबोली

तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा.

काय काय झालं ते सांगते. किडनी मिळालेली नाही. मधे एकदा पाणी फुप्फुसात चढलं, रात्री दोनला धावपळ झाली, आता बरे आहेत. योजनेचे कागद दिलेत, सिस्टर, तुम्ही सांगितलंत तसं सगळं केलं.

निरोप पाठवल्यावर दोन दिवसांत घरी चौघीजणी आल्या. नगरकरीणकाकूंची बहीण, पानमळांच्या ओळखीच्या दोघी कॅथलिक बाया, आणि आमच्याच मंडळीतली ती, जिने मला "शोधा" म्हटलं होतं. तिला कुणी सांगितलं माहीत नाही. दारातच माझा हात धरून उभी राहिली. वार वाटून घेतलेत. सोमवारी एक जण ह्यांना घेऊन जाते, बुधवारी दुसरी डबा देते, मुलीच्या दहावीच्या अभ्यासाला तिसरी बसते. मी सोमवारी सकाळी दोन वर्षांत पहिल्यांदा सात वाजेपर्यंत झोपले.

ह्यांनी शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाचं नाव विचारलं. बावीस वर्षांचा आहे. आता दोघं एकमेकांचं वजन किती वाढलं त्यावरून बोलतात आणि पाणी कुणी जास्त प्यायलं ते पकडतात.

गेल्या रविवारी प्रभुभोजन होतं. ह्यांनी ती छोटी पेली घेतली आणि घरी आल्यावर दिवसाच्या पाण्याच्या हिशोबात लिहिली. "द्राक्षरस, १० मिली." वहीत मी ते पाहिलं आणि तिथेच बसले.

मला अजून प्रार्थना येत नाही. "हे प्रभो"च्या पुढे जात नाही. पण काल रात्री ह्यांच्या हातावर बोटं ठेवली, घरघर लागली, आणि मी बोटं लगेच काढली नाहीत. बराच वेळ तशीच बसले.

उद्या शुक्रवार. पावणेसहाला निघायचंय.

---

उत्तनचा_तांडेल

आम्ही तीनलाच उठतो. आयला सांगितलंय, उद्याची माळ तुमच्या ह्यांच्या नावानं. त्या पोराचं नाव पण पाठवा.